भोंगा थांबला, चिमणी राहिली

विरारच्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत परळच्या गिरण्यांवर लेख कशाला, असं काही सभासदांना वाटेल. त्याचं उत्तर आपल्याच कपाटात आहे. सोसायटी नोंदवली गेली तेव्हाचे सभासदत्वाचे अर्ज काढून बघा. आधीच्या पत्त्याच्या रकान्यात लालबाग, करी रोड, चिंचपोकळी, नायगाव, डिलाइल रोड, सातरस्ता ही नावं पुन्हा पुन्हा येतात. आपल्या बऱ्याच घरांत एक तरी माणूस असा होता, जो गिरणीच्या भोंग्यावर उठत होता. आणि आता त्याच घरातली मुलं-नातवंडं सकाळची विरार लोकल पकडून लोअर परळला उतरतात, गिरणीच्याच आवारात उभ्या राहिलेल्या ऑफिसात कामाला जातात, महिनाअखेरीस मित्रांबरोबर तिथंच जेवायला बसतात. आजोबा ज्या फाटकातून हजेरी लावून आत जायचे, त्या फाटकातून नात मोबाईल दाखवून आत जाते. मधल्या काळात काय घडलं, ते तिला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख.

सुरुवात रेल्वेपासून करू, कारण आपली आणि गिरणगावाची गाठ रेल्वेनंच बांधली. १२ एप्रिल १८६७ रोजी मुंबईची पहिली उपनगरी गाडी सुटली, ती विरारहून. दक्षिणेला बॅकबेपर्यंत जायची, दिवसाला एकच फेरी. म्हणजे चर्चगेट-विरार या मार्गाचा जन्म विरारच्या बाजूनं झाला. त्या काळात इथून भाजी, फुलं, सुकेळी, विड्याची पानं मुंबईला जात. माणसं कमीच जात. माणसांची रीघ पुढं शंभर वर्षांनी लागली आणि तिचं कारण गिरण्यांमध्येच होतं.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभारली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढं १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांच्या हाती अफाट पैसा आला. युद्ध संपल्यावर तेजी कोसळली, पुष्कळ जण बुडाले. पण जे टिकले त्यांनी नंतरच्या काळात गिरण्यांत पैसा घातला. राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीच्या शेवटापर्यंत शहरात सत्तरहून अधिक गिरण्या झाल्या. ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी, दादर हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडची माणसं तिथं आली. एका गाळ्यात पंधरा-वीस जण पाळीपाळीनं झोपले आणि खानावळीत जेवले. त्यांना रविवारची सुट्टी मिळाली तीसुद्धा १० जून १८९० पासून. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढून जी मागणी लावून धरली, तिचं ते फळ. आपण आज रविवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा घेतो, त्याला या माणसाचे आभार मानायला हवेत.

आता त्या इमारतींकडे बघू. आज ज्यांना आपण दुकान आणि हॉटेल म्हणून बघतो, त्या मुळात अशा का बांधल्या होत्या?

यंत्रं लँकेशायरहून यायची आणि इमारतीचा नमुनाही तिथूनच यायचा. सूत कातायचं काम मजल्यांवर चाले, म्हणून त्या इमारती तीन-चार मजली, जाड भिंतींच्या, ओतीव लोखंडाच्या खांबांच्या. कापड विणायचं काम मात्र तळमजल्यावर. शेकडो साचे एकदम चालू झाले की जमीन हादरायची, आणि तो हादरा वरच्या मजल्याला झेपला नसता. म्हणून साचाखातं बैठ्या शेडमध्ये. या शेडचं छप्पर करवतीच्या दातांसारखं. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि तिचं तोंड उत्तरेला, कारण उत्तरेकडून दिवसभर सारखा उजेड येतो, थेट ऊन येत नाही. सूत तुटलं की विणकराला ते लगेच दिसायला हवं आणि यंत्राच्या डोक्यावर ऊनही नको, असा दुहेरी हेतू. शेडमध्ये भिंती नाहीत, नुसत्या खांबांच्या ओळी, कारण यंत्रांच्या रांगा सलग लावायच्या असत.

दुसरी गोष्ट आगीची. कापसाची पिंजण हवेत तरंगायची, खाली तेल, वर दिवे. गिरणी बांधणाऱ्याला सगळ्यात मोठी भीती आगीची. म्हणून अनेक गिरण्यांच्या जिन्याच्या मनोऱ्यावर पाण्याची टाकी असे, आणि तिच्यातून छताला लावलेल्या नळ्यांना पाणी मिळे. पंप बंद पडला तरी पाणी आपल्या वजनानं खाली येई. गिरणगावात मान वर करून बघितलं की चिमणीच्या शेजारी हा मनोरा दिसायचा. चिमणी होती बॉयलरसाठी. १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून गिरण्यांना वीज येऊ लागली, तेव्हापासून चिमणीचं महत्त्व कमी होत गेलं, पण ती पाडायचं कोणाला सुचलं नाही. ती गिरणीची खूण झाली होती.

या सगळ्यामुळे पुढं एक गंमत झाली. ज्या कारणांनी ती इमारत गिरणीला सोयीची होती, त्याच कारणांनी ती दुकानालाही सोयीची निघाली. मधे भिंत नसलेली मोठी जागा, उंच छत, मऊ उजेड, वर्षानुवर्षं यंत्रांचं वजन पेललेली जमीन. नव्यानं असं बांधायचं तर आज किती खर्च येईल!

पण दुकानं येण्याआधी गिरण्या बंद पडाव्या लागल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार आणि साठाच्या आसपास गिरण्या. हा संप कधीही रीतसर मागे घेतला गेला नाही. दिवाळी गेली, दुसरी दिवाळी आली. काही कामगार गावी गेले, काहींनी भाजीची गाडी लावली, बायकांनी पोळ्या लाटून आणि डबे करून घर चालवलं. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पण पूर्वीच्या सगळ्यांना परत घेतलं नाही. आधीच जुनी झालेली यंत्रं, भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांचं स्वस्त कापड, आणि पायाखालच्या जमिनीचा चढता भाव. मालकाच्या हिशेबात कापडापेक्षा जमीन जड झाली.

आपण इथं आलो ते याच काळात आणि त्याच्या पुढच्या वीस वर्षांत. १९९० मध्ये वसई-विरार भागाच्या नियोजनाचं काम सिडकोकडे गेलं आणि इमारती झपाट्यानं उठू लागल्या. ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड, चाळीतली खोली सोडून आलेले पैसे, गावाकडचा एखादा तुकडा विकून आलेली रक्कम, बायकोच्या बांगड्या, असं सगळं जमवून वनरूम किचन घेतलं. लोअर परळपासून पन्नास किलोमीटरच्या आसपास. तेव्हा इथं पाणी टँकरचं, रस्ता चिखलाचा आणि संध्याकाळी दिवे कधी जातील याचा नेम नाही. पण दरवाज्याला स्वतःचं कुलूप होतं. माझे वडील साचाखात्यात बत्तीस वर्षं होते. इथं आल्यावर पहिले कित्येक दिवस त्यांना पहाटे झोप लागायची नाही. आई म्हणायची, ‘‘आवाज नाही ना, म्हणून.’’

इकडे आपण घरं लावत होतो तेव्हा तिकडे गिरण्यांच्या जमिनीचं काय चाललं होतं, ते समजून घ्यायला एक नियम माहीत असावा लागतो. मुंबई शहरात गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम साध्या भाषेत असा होता: गिरणी पाडून जमीन विकसित करायची असेल तर तिचे ढोबळ मानानं तीन भाग करा. एक भाग महापालिकेला बागा आणि मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. पण आहे ती इमारत न पाडता तिचा वापर बदलला, तर जमीन वाटून द्यायची गरज नव्हती.

इथंच आपल्या विषयाची मेख आहे. लोअर परळच्या जुन्या शेड सुरुवातीला टिकल्या त्या सगळ्याच काही वारसाप्रेमानं टिकल्या नाहीत. पाडलं तर दोन भाग द्यावे लागतात आणि ठेवलं तर सगळं आपलंच राहतं, हा हिशेबही त्यामागे होता. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या फिनिक्स मिलमध्ये गेल्या शतकाच्या अखेरीस बोलिंगचा खेळ आला, मग दुकानं, मग मोठा मॉल. तिची चिमणी आजही मधोमध उभी आहे. मथुरादास मिल, रघुवंशी मिल, कमला मिल यांच्या आवारांत जुन्या गोदामांतून आणि शेडमधून स्टुडिओ, जाहिरात कंपन्या, फर्निचरची दुकानं, कॉफीची ठिकाणं निघाली. विटांवरचा गिलावा मुद्दाम खरवडून विटा उघड्या ठेवल्या, लोखंडी खांबांना काळा रंग दिला, सागवानी तुळया पॉलिश केल्या.

२००१ मध्ये नियम बदलला. आता वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या पडलेल्या जमिनीची, इमारत पाडून मोकळी होणारी जमीन त्यात धरायची नाही. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असणार किती? साहजिकच म्हाडाचा आणि महापालिकेचा वाटा खूपच आकसला. आणि दुसरा परिणाम असा की पाडण्यात तोटा उरला नाही. जी शेड काल ठेवणं फायद्याचं होतं, ती आज पाडणं फायद्याचं झालं. प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ मधला निकाल या बदलाच्या विरोधात गेला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शासनाची बाजू उचलून धरली. त्यानंतर टॉवर किती भराभर उठले ते आपण गाडीच्या खिडकीतून बघितलंच आहे. त्याआधी १९९६ मध्ये शासनानं वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची समिती नेमली होती. वेगवेगळ्या गिरण्यांच्या जमिनी एकत्र धरून मैदानं, रस्ते आणि घरांचा सलग आराखडा करता येईल, असं त्या समितीनं दाखवून दिलं होतं. तो कागदावर राहिला.

परदेशात हे कसं झालं, याचं एक उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डजवळ टायटस सॉल्ट नावाच्या कारखानदारानं १८५३ मध्ये लोकरीची प्रचंड गिरणी सुरू केली आणि तिच्याभोवती कामगारांसाठी सॉल्टेअर हे गाव वसवलं. आठशेहून जास्त घरं, शाळा, दवाखाना, बाग. गिरणी १९८६ मध्ये बंद पडली. पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर या स्थानिक उद्योजकानं ती विकत घेतली आणि आत चित्रांचं दालन, पुस्तकांचं दुकान, इतर दुकानं, उपाहारगृह सुरू केलं. २००१ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला तो नुसत्या गिरणीला नाही, तर सबंध गावाला. लंडनमध्येही किंग्ज क्रॉस स्टेशनच्या मागं कोळसा उतरवायची १८५० च्या दशकातली लांबलचक गोदामं २०१८ मध्ये दुकानं आणि रेस्टॉरंट म्हणून उघडली. तेव्हा जुन्या कारखान्यात कॉफी पिण्यात चूक काहीच नाही. पडीक राहून छप्पर कोसळण्यापेक्षा ते शतपटीनं बरं. फरक एवढाच की सॉल्टेअरला कामगारांची घरं गिरणीइतकीच मोलाची मानली गेली. आपल्याकडे चिमणी ठेवली आणि चाळीतली माणसं गाडीनं विरारला, बदलापूरला, पनवेलला गेली.

इमारतीचा वापर बदलला की आजूबाजूचं सगळं त्याबरोबर बदलावं लागतं, हेही आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. पाळीपाळीनं, पायी गिरणीत जाणाऱ्या कामगारांच्या वस्तीत एकाच वेळी लाखो नोकरदार उतरू लागले आणि जिना तेवढाच राहिला. तो पूल वापरणारे आपल्या सोसायटीतही कितीतरी जण आहेत. त्या दिवशी दुपारपर्यंत आपल्या आवारात सगळे फोन लावत उभे होते. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारातल्या एका इमारतीच्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली. १४ जण गेले, बहुतेक गुदमरून. ज्या आवारात दीडशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीनं बांधणारे लोक आधी पाण्याच्या टाकीचा विचार करत, तिथं बाहेर पडायची वाट मोकळी नव्हती. हे वाचून लगेच लोअर परळकडे बोट दाखवू नका. आपल्या जिन्यातल्या चपलांच्या रॅक, सायकली आणि गच्चीच्या दाराचं कुलूप एकदा बघून या.

कामगारांना काय मिळालं? दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद गिरण्यांच्या कामगारांची संघटना बांधून वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तेव्हा कुठं गिरण्यांच्या जमिनीवर घरं देण्याचं काम सुरू झालं. जून २०१२ मध्ये म्हाडानं ६,९२५ घरांची सोडत काढली, मार्च २०२० मध्ये ३,८९४ घरांची. अर्ज मात्र दीड लाखाहून जास्त. आपल्या सोसायटीतही अर्जाची पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली घरं आहेत. काही ठिकाणी अर्ज करणारे गेले, पावती राहिली. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलची जागा वस्त्रोद्योग संग्रहालयासाठी राखली आहे, हीसुद्धा जमेची बाजू. यंत्रं तिथं बघायला मिळतील. पण ती चालवणाऱ्यांच्या आठवणी कुठून आणणार?

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला, दगडी करंडक सापडला, सोपारा जगाला कळलं. पण त्या विटा वाहणाऱ्याचं नाव कोणाला ठाऊक नाही. वसईच्या किल्ल्यात १७३९ च्या लढाईची हकिकत पाटीवर वाचायला मिळते, पण तट बांधणाऱ्यांबद्दल दगड काही बोलत नाही. त्या माणसांना विचारायला आज कोणी उरलेलं नाही. गिरण्यांचं तसं नाही. गिरणीत राबलेली माणसं आपल्या बी विंगमध्ये, सी विंगमध्ये अजून आहेत, संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बसतात. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभर लोकांशी बोलून २००४ मध्ये इतिहासाचं पुस्तक केलं. शंभरांच्या पलीकडचे आपल्याकडे आहेत.

माझं म्हणणं साधं आहे. चिमणी ठेवली ते चांगलं केलं, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. उरलेली अर्धी गोष्ट त्या चिमणीखालून निघून इथं आली, हप्ते फेडले, पाण्याच्या रांगेत उभी राहिली आणि ही सोसायटी उभी केली. म्हणून आपला रौप्यमहोत्सव हा गिरणगावाच्या इतिहासातलाही एक टप्पा आहे. आपल्या इमारतीला पंचवीस वर्षं झाली, पुनर्विकासाची कुजबुज जिन्यात सुरू झाली आहेच. उद्या इमारत नवी होईल, उंच होईल. तेव्हा आपण कोण, कुठून आलो, हे कागदावर असलेलं बरं.

म्हणून कार्यकारिणीच्या परवानगीनं सोसायटीच्या ऑफिसात एक जाड वही ठेवली आहे. आजी-आजोबांना मुलांनी विचारायचं आणि लिहायचं. कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात? साचाखातं, त्रासन, की कांडीखातं? बदलीत किती वर्षं काढली? पहिला पगार किती आणि तो कशावर खर्च झाला? संपात घर कसं चाललं? विरारला पहिल्यांदा आलात तेव्हा स्टेशनबाहेर काय दिसलं? जुना पास, हजेरीचं तिकीट, पगाराची चिठ्ठी असेल तर मूळ कागद घरीच ठेवा, फोटो चिकटवा. जे गिरणीत नव्हते, वसईचेच भूमिपुत्र आहेत किंवा आणखी कुठून आले आहेत, त्यांनीही आपली हकिकत लिहावी. ज्यांच्या वाडीवर आपली घरं उभी राहिली, त्यांची बाजूही त्या वहीत हवी.

ऑफिस संध्याकाळी सात ते नऊ उघडं असतं. ज्यांना जिने उतरणं जमत नाही, त्यांच्याकडे वही घेऊन आम्हीच वर येऊ.